हौसाची उतरती उशी

जाड माणूस उताणा झोपला की त्याचं पोट त्याच्याच छातीवर चढून बसतं. दुसऱ्या कुणी बसायला लागत नाही. जागा असताना तो कूस बदलतो, उठून बसतो, घोरून घोरून आळी जागी करतो, पण दम घेतो. भूल दिल्यावर यातलं काहीच त्याच्या हातात राहत नाही. मग त्याचं पोट कुणीतरी सावरायचं, डोकं कुणीतरी उचलायचं आणि दमसुद्धा दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. बेळगावातल्या एका दवाखान्यात मी हे काम केलं. पोट आणि डोकं माझ्याकडं, दम भुलीच्या डॉक्टरबाईंकडं.

आमच्या शहापुरातल्या मंडळाची पोरं दिवाळी अंक काढतात. म्हणाली, काका, दवाखान्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथी, तीही गुंजीला, तिथं गुरुजींपेक्षा आगगाडीकडं लक्ष जास्त. पोरं म्हणाली, जसं बोलता तसं लिहा. मग लिहितो. गेल्या साली बायको गेली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून कागदाशी बोलतो.

बायकोचं नाव हौसा. ती लई जाड होती. ती असताना पुढंपुढं मी हे तिच्या तोंडावर म्हणायचो, आता गेली म्हणून शब्द बदलणार नाही. ती जाड होती म्हणूनच सांगण्यासारखं काही आहे.

आधी काम सांगतो. मी ऑपरेशन थिएटरात अटेंडंट. पेशंटला ढकलगाडीवरून आणायचा, टेबलावर घ्यायचा, डॉक्टरला हवा तसा ठेवायचा, झालं की परत न्यायचा. लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे कापणाऱ्या डॉक्टरचं काम. कापणारा कापतो, शिवतो आणि हात धुऊन चहाला जातो. पेशंट जिवंत कुणी ठेवला हे बघायचं तर त्याच्या डोक्याकडं स्टुलावर कोण बसलंय ते बघावं. आमच्याकडं तिथं भुलीच्या डॉक्टरबाई बसायच्या. धारवाडकडच्या, अंगानं काडी, आवाजानं तोफ. मराठी चांगलं बोलायच्या, पण घाई झाली की कानडी.

बाईंच्या हातात काळा रबरी फुगा असायचा. फुग्याला नळी, नळी पेशंटच्या घशात. फुगा दाबला की हवा छातीत, सोडला की बाहेर. ऑपरेशन संपेपर्यंत दाबत बसायचं. आता बोटाला चिमटा लावला की यंत्र आकडा सांगतं. तेव्हा आकडा सांगणारं कुणी नव्हतं. नखं बघायची, कानाची पाळी बघायची, रक्ताचा रंग बघायचा. रक्त काळसर दिसलं की बाईंचा आवाज चढायचा.

"बारीक माणसाचा फुगा मऊ लागतो रे महादेव," त्या म्हणायच्या. "जाड माणसाचा दाबायचा म्हणजे ट्रकच्या ट्यूबात तोंडानं हवा भरायची."

मी एकदा विचारलं, का हो बाई? तर म्हणाल्या, "लोहाराचा भाता बघितलास? त्यावर ज्वारीचं पोतं टाक आणि मग हलव. छाती म्हणजे भाता, पोट म्हणजे पोतं. भात्याचा खालचा भाग दबून मिटतो. मिटला की चिकटतो. म्हणून पोतं खाली सरकवायचं, म्हणजे माणसाला चढणीवर झोपवायचा."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. झोपलेलं माणूस मधूनच एक मोठा उसासा टाकतं. दुःखानं नव्हे, छातीचे मिटलेले कोपरे उघडायला. भूल दिलेला माणूस उसासा टाकायचं विसरतो. म्हणून बाई मधूनमधून फुगा सावकाश, पूर्ण दाबून धरायच्या आणि मग सोडायच्या. "हा त्याचा उसासा, मी टाकला," म्हणायच्या. दुसऱ्याचा उसासा टाकायचं पगारी काम जगात आहे हे मला तिथं कळलं.

आता तंबाखूवाल्या अण्णांचं सांगतो. गोष्ट सत्तर सालानंतरची.

अण्णा बोरगावचे व्यापारी. बेंबीवर हर्निया, नारळाएवढा. दोन डॉक्टरांनी आधी बारीक होऊन या म्हणून परत पाठवलेले. अण्णा बाईंना म्हणाले, "बारीक झालो तर बाजारात माझ्याशी व्यवहार कोण करंल? लोक म्हणत्याल, अण्णा बुडाला."

भुलीचं औषध वजनावर ठरतं. अण्णा दवाखान्याच्या काट्यावर उभे राहिले. काटा शेवटाला जाऊन टेकला तो तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी बारकी सिस्टर चढली तरी तिथंच. अण्णांना चार मुलगे. थोरला म्हणाला, "वखारीत काटा हाय की." मग अण्णांना निपाणीला नेऊन तंबाखूची पोती जोखायच्या काट्यावर बसवलं. हमालानं चिठ्ठी दिली, मुलांनी ती आणून बाईंना दिली. वजनाखाली लिहिलेलं, बारदान वजा, ओल वजा.

बाईंनी विचारलं, "ओल वजा म्हणजे काय?"

"माल ओला असला की घट धरत्यात," थोरला म्हणाला. "हमालानं सवयीनं धरली."

"आणि बारदान?"

"धोतर आन् बंडी."

"मला अण्णा ओले हवेत," बाई म्हणाल्या. "धोतरासकट. परत जोखून आणा."

पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर करावं, तर अण्णांच्या पाठीत मणका सापडेना. पूर्ण भूल द्यायची ठरली. त्यासाठी चढण पाहिजे. आमचं टेबल जुनं, डोक्याकडून वर होईना. मी उशा रचून दाखवल्या. बाईंनी मलाच त्यावर झोपवलं. मी घसरलो, मधली उशी सुटून कपाटाखाली गेली.

"नुसती मान उचलून चालत नाही," बाई म्हणाल्या. "पाठीपासून चढ हवा, खांदे त्याहून वर, डोकं त्याहून वर. कानाचं भोक आणि गळ्याखालची खळी एका पातळीत आली पाहिजेत. म्हणजे दम घ्यायला रस्ता सरळ आणि नळी घालायला मला घसा सरळ. एकसंध उशी हवी, घसरगुंडीसारखी. शिवेल असं कोण आहे?"

मी म्हटलं, "आमची हौसा वाकळा शिवते."

"आणि माप घ्यायला जाड माणूस?"

"तीच."

रविवारी दुपारी बाई टांगा करून आमच्या घरी आल्या. मी हौसाला सकाळपासून सांगायचं टाळत होतो. शेवटी म्हटलं, तुला जमिनीवर झोपायला लागंल, बाई माप घेणार.

"माझंच का?"

मी चटई अंथरायला लागलो.

"जाड हाय म्हणून म्हणा की. लाजताय कशाला? जाड मी, लाज तुम्हास्नी."

पातळी बघायला माझे थोरले भाऊ आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा गवंडी, डोक्याला पटका, हातात पाणसळ. भिंत सरळ आहे का ते बघायची ती पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी. पण एक अडचण. आमच्याकडं थोरला दीर भावजयीला शिवत नाही, आणि ती झोपलेली असताना खोलीत थांबत तर मुळीच नाही. म्हणून आप्पा उंबऱ्याबाहेर गल्लीकडं तोंड करून उभे राहिले. पाणसळीचं एक टोक मी हौसाच्या कानाजवळ धरलं, दुसरं गळ्याच्या खळीवर. बाई तिच्या पाठीखाली जुनी लुगडी गुंडाळून सरकवत होत्या.

"बुडबुडा कुठं हाय?" बाहेरून आप्पा.

"गळ्याकडं!"

"म्हंजे डोकं खाली हाय. भर घाल!"

"घातली!"

"आता?"

"आता डोक्याकडं पळाला!"

"लई भरलीस. काढ जरा, आन् चोपून बसव."

"चोपू कशी, हौसा हाय ती!"

गल्ली गोळा झाली. मागवाले माग थांबवून आले. आप्पा सगळ्यांना सांगत होते, काय न्हाय, भावजयीची लेव्हल घेतोय. शेवटी बुडबुडा मधोमध थांबला. बाईंनी विचारलं, "हौसाबाई, कसं वाटतंय?"

हौसानं एक लांब दम घेतला. म्हणाली, "बाई, हितं दम लागत न्हाय वो."

"एरवी कशा झोपता?"

"बसून. सपाट झोपलं की कुणीतरी नरडं धरल्यागत हुतंय. ह्यास्नी सांगितलं न्हाय कधी. ही उशी मलाच ठेवा की, दवाखान्याला दुसरी शिवून देते."

मी तिच्या शेजारी झोपणारा माणूस. पेशंटांची डोकी उचलणारा. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तिला बसून डुलक्या काढायची खोड आहे.

उशी तयार झाली. आत घट्ट वळलेली लुगडी, वरून हिरवं रेक्झिन. टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्यानं रेक्झिन लावलं, म्हणून कडेला त्यानं सवयीनं पितळी फुलं ठोकली. बाईंनी फुलं तेवढी काढायला लावली. थिएटरात तिचं नावच पडलं, हौसाची उशी. कापणारे मोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "जाड पेशंट आहे, हौसाला घ्या."

अण्णा उशीवर झोपले. बाईंनी आधी बराच वेळ मुखवट्यातून नुसता ऑक्सिजन दिला. "जाड माणसाचं कोठार लहान," म्हणाल्या, "आणि खर्च मोठा. नळी घालायच्या आधी भरून घ्यायचं." मग अण्णांना कानडीत, "उसिरु तगो, अण्णा, उसिरु तगो." म्हणजे दम घ्या. अण्णांनी घेतला. नळी झटक्यात बसली. ऑपरेशन झालं. पेशंट पुरता जागा होऊन हात घट्ट दाबेपर्यंत बाई नळी काढायच्या नाहीत. अण्णांनी माझा हात असा दाबला की मीच ओरडलो. नळी निघाल्यावर अण्णा पोटाकडं बघून म्हणाले, "नारळ कुठं गेला?"

खरी भानगड दुसऱ्या दिवशी दुपारी झाली.

ऑपरेशननंतर जाड माणसाला सपाट ठेवायचा नाही. म्हणून आप्पांनी अण्णांच्या खाटेच्या डोक्याकडल्या पायांखाली विटा लावल्या होत्या, पाणसळ लावून, भिंत बांधावी तशा. मी जेवायला बसलो तोवर वॉर्डातून सिस्टरची हाक आली. धावत गेलो. बघतो तर अण्णा उलटे. म्हणजे खाटेच्या पायाकडं डोकं आणि विटांच्या बाजूला पाय. पाय वर, डोकं खाली, ओठ जांभळे. उताराला बैलगाडी लागल्यावर पोती पुढं येतात, तसं सगळं पोट गळ्यापर्यंत आलेलं. चारी मुलगे घाम पुसत उभे.

"काय केलंत रं हे?"

थोरला म्हणाला, "खाटचं डोकं उत्तरंला हाय. म्हंजे अण्णांचं पाय दक्षिणंला. दक्षिणंला पाय करून मढं निजवत्यात. चौघांनी उचलून फिरवलं."

"विटा बघितल्या न्हाईत?"

"विटा आमच्या न्हवत्या."

मी म्हटलं, धरा, परत फिरवू. तर चौघं आडवे. "मरू घातलाईसा का बापाला? पुन्हा दक्षिणंला पाय?" इकडं अण्णांना शब्द फुटेना, नुसते डोळे फिरत होते. मी एकटा त्यांना उचलणार कसा? वखारीच्या काट्यानं ओल वजा करून जे वजन दिलं होतं, तेही मला झेपणारं नव्हतं.

तेवढ्यात बाई आल्या. एक नजर टाकली आणि ओरडल्या, "बसवा! बसायला दिशा लागते का?"

मुलं पुढं झाली. आम्ही पाचजणांनी अण्णांना उचलून आडवं बसवलं, पाय खाटेखाली सोडून, पूर्वेला तोंड करून. बाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, "उसिरु तगो! बिडु! तगो! बिडु!" आणि आम्ही पाचहीजण त्या तालावर दम घेत आणि सोडत होतो. शेजारच्या खाटांवरचे पेशंटसुद्धा. नळीतून ऑक्सिजन लावला. हळूहळू ओठ लाल झाले. अण्णांचं पहिलं वाक्य मुलांना होतं, "भडव्यांनो, मेल्यावर दिशा बघा."

आप्पांना बोलावणं गेलं. त्यांनी वाकून विटा तपासल्या आणि म्हणाले, "माझं काम जाग्यावर हाय. माणूस फिरलाय."

बाईंनी त्या आठवड्यात वॉर्डातल्या सगळ्या खाटा डोकं पूर्वेला करून लावायला लावल्या. वरच्यांनी कारण विचारलं तर सांगितलं, उजेड चांगला येतो. कुणाचा देव दुखावला नाही आणि विटांना कुणी हात लावला नाही.

पुढं कितीतरी जाड माणसं हौसाच्या उशीवरून गेली. जिलेबी तळणारा एक आचारी, दोन मोठ्या घरच्या आजीबाई, एक फौजदार. फौजदार उशीवर झोपायला तयार नव्हता, रेक्झिन हिरवं म्हणून. सगळेच उठले असं म्हणणार नाही. दोघंतिघं उठले नाहीत, त्यांचे चेहरे आजही डोळ्यापुढं येतात. पण दम कमी पडून नाही, एवढं बाई सांगायच्या आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचो.

मग ऐंशी सालानंतर हौसाच्याच पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे. दुखणं उठलं की ती चुलीपुढं गडाबडा लोळायची. कापायला पाहिजे होतं. तोवर ती आणखी जाड झाली होती. मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले, अवघड आहे. बाई म्हणाल्या, अवघड आहे, पण उशी तिची आहे.

इतकी वर्षं मी लोकांच्या बायका टेबलावर घेतल्या. आपली घेताना उशी दोनदा सरकवून बघितली. हौसा उशीवर टेकली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "रेक्झिन फाटलंय की. सांगायला काय झालं हुतं?" मग माझ्याकडं बघून हळूच, "अवं, माझा दम ऱ्हाईल न्हवं?"

मी म्हटलं, "बाई हायत."

"बाई हायतच. तुम्ही कुठं जाणार?"

"मी डोक्याकडं हाय."

"मग द्या म्हणावं भूल."

ऑपरेशनभर मी तिची कानाची पाळी बघत उभा होतो. फुगा कडक होता. बाईंच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मधूनमधून त्या सावकाश उसासा द्यायच्या आणि हौसाची छाती वर यायची. त्या दिवशी बाईंबरोबर मीही टाकत होतो.

ऑपरेशन नीट झालं, आणि पंचाईत त्यानंतर सुरू झाली. पित्ताच्या ऑपरेशनाची चीर बरगडीखाली. दम घेतला की टाके दुखतात, म्हणून पेशंट वरवरचा दम घेतो. मग छातीचा तळ मिटतो, कफ साचतो, ताप येतो. जाड माणसाचं हे फार लवकर होतं. यावर बाईंचा उपाय म्हणजे फुगे. जत्रेतले असतात तेच.

"फुगवायला फुंकर लागते," बाई समजावून सांगायच्या, "पण फुंकायच्या आधी माणूस मोठा दम आत घेतो. मला फुंकर नको, तो आतला दम पाहिजे."

हौसाच्या हातात लाल फुगा दिला. तिनं तो पदराखाली लपवला. दुसरा दिला, तोही लपवला. संध्याकाळी अंग तापलं. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. "उजवीकडं खाली काही ऐकू येत नाही. मिटलंय. उद्यापर्यंत उघडलं नाही तर न्यूमोनिया. का फुगवत नाही ती?"

मी जाऊन विचारलं. हौसानं डोळ्यानंच खुणावलं. खाटेसमोर स्टुलावर आप्पा बसले होते. पटका बांधून, गुडघ्यावर हात ठेवून, सकाळपासून.

"थोरलं दीर बसल्यात," ती पुटपुटली. "त्यांच्यापुढं गाल फुगवून बसू? आन् सुटला तर त्यो फुगा कसा आवाज करतोय ते ठावं हाय न्हवं?"

मी आप्पांना म्हटलं, चहा घेऊन या. म्हणाले, झालाय. म्हटलं, देवळात जाऊन या. म्हणाले, सकाळीच जाऊन आलोय. म्हटलं, घरी जाऊन पडा जरा. तर चिडले. "मला टायफॉड झालता तवा हिनं महिनाभर पेज करून घातली. आन् मी हिला टाकून घरी पडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप वाढलेला. हौसा तोंडानं बारीक बारीक दम घेत होती, पक्ष्यासारखी. शेवटी बाईंनीच आप्पांना स्पष्ट सांगितलं, तुमच्यामुळं ती फुगा फुगवत नाही. आप्पा उठायला तयार नाहीत. म्हणाले, "मी डोळं मिटून बसतो."

उशीवरून हौसा म्हणाली, "कान उघडंच हायत की."

आप्पांना राग आला. भावजयीशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून ते माझ्याकडं बघून बोलले. "म्हाद्या, विचार हिला. रोज माझ्यापुढं बसून फुंकणीनं चूल फुंकती. तवा गाल फुगत न्हाईत व्हय?"

हौसानंही मलाच सांगितलं, "सांगा त्यास्नी, ते काम हाय. ह्यो खेळ हाय. दिरापुढं बाई काम करती, खेळत न्हाय."

बाई माझ्याकडं बघतायत, मी बाईंकडं. बाई म्हणाल्या, "महादेव, फुंकणी घेऊन ये."

सायकल मारत घरी गेलो, चुलीजवळची लोखंडी फुंकणी घेऊन आलो. बाईंनी ती उकळून दिली. हौसानं हातात घेतली, सवयीनं पदरानं टोक पुसलं आणि थांबली. "फुंकू कशाला? चूल कुठाय?"

"नुसतं फुंका."

"नुसतं कोण फुंकतंय? येडी म्हणतील."

आप्पा उठले. कोपऱ्यातल्या जादा विटांतल्या तीन घेतल्या आणि खाटेसमोरच्या टेबलावर चूल मांडली. पाणसळ नव्हती म्हणून डोळा लावून बघितलं. शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. बाई किंचाळल्या, "विस्तव नाही!" आप्पा म्हणाले, विस्तव कशाला, आणि चुलीत कापसाचा बोळा ठेवला. फुंकरीनं बोळा मागच्या बाजूनं बाहेर पडला की जाळ झाला असं समजायचं.

हौसानं फुंकणी तोंडाला लावली. पहिली फुंकर टाक्यात कळ येऊन अर्ध्यात मोडली. बोळा हलला नाही.

"वलं लाकूड हाय," हौसा कापसावर चिडली.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बुडाशी फुंक गं, वरवर काय फुंकतीस?"

टाके ताणू नयेत म्हणून त्यांवर एक छोटी उशी ठेवून मी ती हातानं दाबून धरलेली. हौसानं दम भरून घेतला. खोल, पार तळापर्यंत. तिचे डोळे पाण्यानं भरले. फुंकली. बोळा सुटला आणि पलीकडं सिस्टरच्या टोपीवर जाऊन बसला.

"पेटली!" म्हातारी ओरडली. वॉर्डातल्या बायका हसायला लागल्या. कुणी म्हणालं, चहा टाक. कुणी म्हणालं, मला भाकरी जरा कडक लागते. आप्पांनी नवा बोळा ठेवला आणि गंभीरपणे माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग तिला, आज पंगत हाय. जाळ कमी पडू देऊ नकोस."

दिवसभर हौसानं तो स्वयंपाक केला. बाई येऊन पाठीला नळी लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. संध्याकाळी एकदा ऐकता ऐकता त्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला आणि नळी माझ्या कानात घातली. मला त्यातलं काय कळणार? पण ऐकलं. सुक्या पाचोळ्यावरून कुणी चालत यावं तसा आवाज. "उघडतंय," बाई म्हणाल्या. पुढच्या दोनचार दिवसांत ताप उतरला.

हौसा घरी आली ती फुंकणी घेऊनच. पुढं आमच्याकडं गॅस आला तरी तिनं ती टाकली नाही.

दवाखान्यात नवीन टेबलं आली, कळ दाबली की डोकं वर होणारी. हौसाची उशी भंगारात निघाली तेव्हा मी ती सायकलला बांधून घरी आणली. हौसा म्हणाली, "आली का माझी मला?" त्यानंतर ती रोज त्या उशीवर झोपली, आणि इतकी घोरली की शेजाऱ्यांनी भिंतीकडचं कपाट हलवलं. बाई धारवाडला परत गेल्या आणि तिकडंच वारल्या.

गेल्या साली एका दुपारी चहा पिऊन हौसा उशीला टेकली. थोड्या वेळानं मला घोरणं ऐकू आलं नाही. उठून बघितलं. नखं बघितली, कानाची पाळी बघितली. इतकी वर्षं तेच काम केलं होतं, कुणाला बोलावून विचारायची गरज नव्हती.

भावकी जमली. रीतीप्रमाणं तिला खाली घेतलं, दक्षिणेला पाय करून. घोंगडीवर सपाट निजवली. बायका रडत होत्या. मी बघत उभा होतो. मग आत गेलो, ती हिरवी उशी आणली आणि तिच्या पाठीखाली सरकवायला लागलो.

पुतण्या म्हणाला, "काका, आता कशाला?"

मी म्हटलं, "सपाट निजवली की तिला दम लागतोय."

मला वेड लागलं असं त्यांना वाटलं असणार. कुणीतरी माझा हात धरून बाजूला करायला लागलं. दारात आप्पा खुर्चीवर बसले होते. कानानं बहिरे, गुडघ्यांनी गेलेले, पटका तेवढा तसाच. ते उठले. आयुष्यभर भावजयीला बोट न लावलेला माणूस भिंत धरत आत आला, खाली बसला आणि तिचे खांदे दोन्ही हातांनी उचलून धरले.

म्हणाले, "म्हाद्या, सरकव. डोकं अजून खाली हाय."